सहाशे डॉलरचा चाकू आणि न घातलेली वर्दी

प्रश्न : मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून गेली अकरा वर्षे अमेरिकेत, टेक्सासमधील ह्यूस्टन येथे नोकरी करतो. मला घडीच्या चाकूंचा नाद आहे. तिथल्या एका नामवंत निर्मात्याचा टायटॅनियमच्या मुठीचा, साडेतीन इंची पात्याचा चाकू मला एका संग्राहकाकडून ६०० डॉलरला मिळतो आहे. नवा घेतल्यास तो ७५० डॉलरला पडतो. मी तो हातात घेऊन पाहिला आणि काम अप्रतिम आहे. हा चाकू बरीच वर्षे बाजारात असून वापरणाऱ्यांची तक्रारही नाही. अडचण अशी की, या निर्मात्याने आपण सैन्याच्या एका खास तुकडीत होतो असे सांगत कित्येक वर्षे माल विकला आणि पुढे सैन्याच्या नोंदी बाहेर आल्यावर तो त्या तुकडीत कधीच नव्हता हे उघड झाले. नंतर त्याने अर्धीमुर्धी कबुली दिली. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे मन घेत नाही. मित्र म्हणतात, चाकू काही निर्मात्याच्या चारित्र्याने कापत नाही. शिवाय जुना घेतला तर त्या माणसाला एक पैसाही जात नाही. मी काय करावे? घेतलाच तर डिसेंबरमध्ये गावी येताना तो बरोबर आणता येईल का? (वडील मात्र अजून चाळीस वर्षांपूर्वीचा, लाकडी मुठीचा चाकू वापरतात. त्याचा खिळा सैल झाला आहे, पण नवा घेऊ म्हटले तर ऐकत नाहीत.)
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : निर्मात्याचे नाव तुम्ही पत्रात कळवले आहे, ते येथे छापलेले नाही, कारण त्याच्याविषयीची कागदपत्रे मी स्वतः पाहिलेली नाहीत. तुम्ही दिलेली हकीकत खरी धरून लिहितो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : हा चाकू तुम्ही घेऊ नये. मात्र तुमच्या मित्रांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, आणि ते कुठपर्यंत बरोबर आहे हे पाहिल्याशिवाय माझे मत तुम्हाला पटण्याचे कारण नाही.

प्रथम चाकूचाच विचार करू. एका पात्याला लागणाऱ्या पोलादाची किंमत साडेसातशे डॉलरमध्ये अगदी किरकोळ असते. पैसे पडतात ते यंत्रकामाचे, घासकामाचे, उष्णता-प्रक्रियेचे आणि नावाचे. तुम्ही ज्या प्रकारचा चाकू सांगता, त्यात मुठीची एक फळीच अशी कापलेली असते की तिची एक पट्टी स्प्रिंगसारखी आत सरकते आणि उघडलेल्या पात्याच्या बुडाला मागून टेकते. वेगळा खटका नाही, मूठ हाच खटका. ही रचना दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आयडाहो राज्यातील बॉइसी येथे स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह यांनी ‘सेबेन्झा’ या चाकूत रूढ केली. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. दिसायला सोपी असली तरी ही रचना फार कडक हाताची आहे : टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे पट्टीचे टोक जिथे टेकते तो उतार किंचित जरी चुकला, तरी पाते डुगडुगते, नाही तर पट्टी अशी चिकटते की अंगठ्याचे नख लावून ती सोडवावी लागते. हे सारे जमवणारा कारागीर चार पैसे जास्त मागत असेल तर त्यात गैर काही नाही.

आता पोलाद. अशा चाकूंत बहुधा भुकटीपासून घडवलेले पोलाद असते. सीपीएम एस३५व्हीएन हे त्यातले एक नावाजलेले पोलाद क्रुसिबल या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये ख्रिस रीव्ह यांच्या सल्ल्याने बाजारात आणले. २०२१ मध्ये आलेले मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने तयार केले. पण नाव कोणतेही असो, पोलाद चांगले ठरते ते त्याला दिलेल्या पाण्याने, म्हणजेच उष्णता-प्रक्रियेने. किती अंशांपर्यंत तापवले, कसे थंड केले, पुन्हा किती वेळ आणि किती तापमानावर मऊ केले, हे निर्मात्याच्या भट्टीजवळ घडते आणि गिऱ्हाइकाला त्यातले काहीही दिसत नाही. मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये असताना एका सहकाऱ्याने हौसेने आणलेल्या महागड्या चाकूच्या डब्यावर ‘६० रॉकवेल’ असे छापले होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो कठीणता मोजण्याच्या यंत्राखाली धरला. रॉकवेलच्या ‘सी’ मोजपट्टीवर हिऱ्याचे टोक दीडशे किलोच्या भाराने धातूत दाबतात आणि ते किती खोल गेले यावरून आकडा मिळतो; आकडा जितका मोठा तितके पोलाद कठीण. तीन वेळा दाबले, तिन्ही वेळा काटा ५२ च्या आसपास थांबला. सहकाऱ्याला आकड्यापेक्षा पात्यावर पडलेल्या मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक अशा तीन ठशांचेच अधिक वाईट वाटले, कारण तो चाकू आता परत करता येण्यासारखा राहिला नव्हता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण हे की, पाणी जोखायचे तर वस्तू बिघडवावी लागते, म्हणून गिऱ्हाईक ते जोखत नाही. तो निर्मात्याचा शब्द घेतो. चाकू चारित्र्याने कापत नाही हे तुमच्या मित्रांचे बोलणे धारेपुरते खरे आहे. धार तुम्ही कागदावर पाहू शकता. पाणी मात्र तुम्ही त्या माणसाच्या भरवशावर विकत घेता, आणि ज्याने स्वतःच्या आयुष्याविषयी, तेही माल खपवण्यासाठी, बनवून सांगितले, त्याच्या भट्टीविषयीच्या शब्दाला तुम्ही किती मोल द्यायचे हा प्रश्न चारित्र्याचा नसून सरळ व्यवहाराचा आहे. अर्थात येथे मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा चाकू बरीच वर्षे बाजारात आहे आणि तो वापरणाऱ्यांची तक्रार नाही असे तुम्ही लिहिता. तसे असेल तर त्याच्या पाण्याची साक्ष निर्मात्याने नव्हे, तर वापरणाऱ्यांनी दिली आहे, आणि तेवढ्यापुरता माझा हा मुद्दा लंगडा पडतो.

लंगडा पडत नाही तो किंमतीचा मुद्दा. निर्मात्यांविषयीचे सगळे वाद एका मापाचे नसतात. २०१८ मध्ये बेंचमेड या ऑरेगन राज्यातील चाकू बनवणाऱ्या कंपनीने ऑरेगन सिटीच्या पोलिसांच्या विनंतीवरून जप्त केलेल्या बंदुका आपल्या यंत्रांवर कापून दिल्या. पोलिसांनीच त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केल्यावर अमेरिकेतील बंदूकप्रेमींनी त्या कंपनीच्या मालावर बहिष्काराची भाषा केली. हा वाद मतांचा आहे. कंपनीने काय केले हे तिने नाकारले नाही आणि त्या चाकूच्या किंमतीत त्या घटनेचा एक सेंटही मिळवलेला नव्हता. ज्याला ते रुचले नाही त्याने घेऊ नये, बाकीच्यांनी घ्यावा. दुसऱ्याची रचना उचलणारे आणखी एका प्रकारात मोडतात. तिथे पेटंटची मुदत संपली आहे की नाही, मूळ रचनाकाराचे श्रेय दिले आहे की नाही, हे पाहून ठरवता येते. तुमच्या निर्मात्याचे तसे नाही. त्याने सांगितलेले खोटे हाच त्याचा माल होता. ‘ज्याने रणांगणावर चाकू वापरला त्याने घडवलेला चाकू’ ही ती गोष्ट, आणि साडेसातशे डॉलरमध्ये या गोष्टीचा हिस्सा पोलादाच्या हिश्श्यापेक्षा नक्कीच मोठा आहे.

अशा बाबतीत अमेरिकेचा कायदा काय म्हणतो हे तुम्हाला तिथे राहून ठाऊक असेलही. लष्करी पदके मिळाल्याचे खोटे सांगणे हाच गुन्हा ठरवणारा २००५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अल्वारेझ खटल्यात रद्द केला, कारण निव्वळ खोटे बोलणे हेही भाषणस्वातंत्र्यात मोडते असे ठरले. त्यानंतर २०१३ मध्ये जो नवा कायदा झाला त्यात ठरावीक पदकांविषयी पैसा किंवा अन्य लाभ मिळवण्याच्या हेतूने केलेला खोटा दावा तेवढा गुन्हा मानला आहे. मला यातला भेद फार शहाणपणाचा वाटतो. फुशारकी मारणाऱ्याला कायदा सोडून देतो. फुशारकीवर बिल फाडणाऱ्याला धरतो. तुमच्या निर्मात्याने पदकांचा दावा केला नसेल तर तो या कायद्याच्या कक्षेत येणार नाही, पण गिऱ्हाईक म्हणून तुम्ही तोच भेद लावायला मोकळे आहात.

मात्र ऐकीव माहितीवर कोणाला खोटारडा ठरवू नका. सेंट लुईस येथील राष्ट्रीय नोंद केंद्रात अमेरिकन सैनिकांचे सेवाअभिलेख असतात आणि एखाद्याने कोणत्या काळात, कोणत्या हुद्द्यावर सेवा केली, कोणती पदके मिळवली, एवढी मर्यादित माहिती माहितीच्या कायद्याखाली कोणालाही मागता येते. १९७३ मध्ये त्या केंद्राला लागलेल्या आगीत लक्षावधी नस्त्या जळाल्या, त्यामुळे ‘माझे कागद आगीत गेले’ ही सबब अधूनमधून ऐकू येते; पण लष्कराच्या जळालेल्या नस्त्या मुख्यतः १९६० पूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या होत्या. तुमचा निर्माता त्या वयाचा नाही. तुम्ही नोंदीचा कागद स्वतः पाहिला असेल तर प्रश्न मिटला. पाहिला नसेल तर आधी तो पाहा.

जुना घेतल्याने त्याला पैसा जात नाही, हे तितकेसे खरे नाही. संग्राहक ७५० डॉलरचा नवा चाकू निर्धास्तपणे घेतात ते पुढे तो ६०० ला विकला जाईल या खात्रीवर. तुम्ही ६०० मोजले की ती खात्री आणखी एका व्यवहाराने पक्की होते. त्याशिवाय असा चाकू घेणे म्हणजे निर्मात्याशी संबंध जोडणे असते : पट्टी झिजली, पाते पुन्हा घासून हवे असले की तो त्याच्याच कारखान्यात पाठवावा लागतो, आणि काही निर्माते मूळ खरेदीदारालाच हमी देतात, हे ६०० डॉलर देण्यापूर्वी विचारून घ्यावे. उलट बाजूने एवढे म्हणता येईल की, त्या कारखान्यात पात्यांना घासणारे आणि मुठी बसवणारे जे हात आहेत त्यांनी कुठलीही खोटी वर्दी घातलेली नाही. तुम्ही चाकू हातात घेतल्यावर जे अप्रतिम वाटले ते त्यांचे काम. हा विचार माझ्याही मनात बराच वेळ घोळत राहिला. पण त्या कारागिरांइतकेच चांगले हात अन्यत्रही आहेत, आणि तेवढ्याच पैशात नवा सेबेन्झा किंवा त्या तोडीचा दुसरा चाकू मिळू शकतो, म्हणून मी तो विचार बाजूला ठेवला.

राहता राहिला तुमच्या मनाचा प्रश्न. दुसऱ्या कोणी विचारले असते तर ‘खोट्या गोष्टीचे पैसे वजा करून ४०० ला मिळाला तर घ्या’ असे मी म्हणालो असतो. तुम्हाला म्हणत नाही. तुमचे वडील चाकू हातात घेतील, खटका वाजवून पाहतील आणि विचारतील, ‘कुणी केलाय?’ त्याचे पूर्ण उत्तर तुम्हाला देता येणार नसेल, तर तो चाकू तुमच्या खिशात राहील पण बाहेर निघणार नाही, आणि सहाशे डॉलरचा चाकू खिशातच ठेवायचा तर मग घ्यायचा कशाला?

कोणताही वापरलेला चाकू घेताना मात्र एवढे पाहा : पाते उघडून उजेडात धरा आणि खटक्याची पट्टी पात्याच्या बुडावर कुठवर सरकली आहे ते बघा. ती अलीकडच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास टेकलेली असेल तर ठीक. पलीकडच्या फळीला जाऊन भिडली असेल तर ती झिजली आहे, मग मागणारा काहीही मागो. पाते मिटताना बोटे वाटेत ठेवू नका, हे तुम्हाला सांगायला नको.

गावी आणण्याविषयी. टेक्सासमध्ये २०१७ पासून साडेपाच इंचांहून लांब पात्यांवरच ती कुठे नेऊ नयेत याची बंधने आहेत, त्यामुळे तिथे तुम्हाला फारशी अडचण नाही. शाळा आणि सरकारी इमारती मात्र टाळा. भारतात शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची आहे आणि तुमचा चाकू त्याच्या आत येतो. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानातच टाकावा लागतो. कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारले तर पावती जवळ असावी. एक गोष्ट मात्र इकडे येणारे विसरतात : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला जे मनाई आदेश निघतात त्यांत सुऱ्या आणि काठ्यासुद्धा येतात. असा आदेश लागू असताना खिशात चाकू घेऊन बाजारपेठेत फिरू नये. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटले की पोलिसाला रामपुरी आठवतो, टायटॅनियम नव्हे.

वडिलांच्या चाकूसाठी नवा घेण्याची गरज नाही. खिळा पितळी किंवा साध्या लोखंडी तारेचा असेल. चाकू अर्धवट उघडून पाते आणि मुठीची फळी यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा एक कपटा सरकवा, खिळ्याचे एक डोके ऐरणीवर किंवा जड हातोड्याच्या पाठीवर टेकवा आणि दुसऱ्या डोक्यावर लहान हातोडीने कडेकडेने, फिरवत फिरवत हलके ठोके द्या. दर चार ठोक्यांनी पाते हलवून पाहा. कपटा ओढून काढल्यावर पाते डुगडुगत नसेल आणि तरी एका अंगठ्याने उघडत असेल तर थांबा. वर गोडेतेलाचा एक थेंब.