वाचकांचे प्रश्न : एटीव्हीला टायर मोठे घालावेत का?

प्रश्न : पाचगणीच्या आमच्या रिसॉर्टवर पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालणारी, हँडलची चारचाकी) आहे. पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२ टायर आहेत, पार गुळगुळीत झालेत. दुकानदार म्हणतो, १४ इंची रिम आणि २७ इंची चिखलाचे टायर घाला, गाडी दगडाला घासणार नाही. खर्च वाचवायला सध्या फक्त मागचे दोन बदलले तर चालतील का?

उत्तर : फक्त मागचे बदलायचं मनातून काढून टाका. या गाडीची पुढची चाकं कायम ओढत नाहीत. मागची चाकं ठरावीक प्रमाणात घसरली की मगच पुढचा क्लच, म्हणजे पुढच्या चाकांना जोर जोडून देणारा भाग, पकडतो. हे प्रमाण दोन्हीकडे सारख्या उंचीचे टायर धरून ठरवलेलं असतं. मागे २७ आणि पुढे २५ झाले की मागचं चाक एका फेऱ्यात ८ टक्के जास्त अंतर कापतं. मग ओल्या चढावर मागची चाकं बराच वेळ जागच्या जागी फिरत राहतात, पुढची मदतीला येत नाहीत आणि येतात तेव्हा धक्का देत येतात. उलट, पुढचे मोठे केले तर पुढचा क्लच सतत पकडून बसतो, हँडल जड होतं आणि सगळा ताण पुढच्या गिअरबॉक्सवर जातो.

आता २७ इंचाचं बघू. आकड्यांत पहिला आकडा टायरची उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिम, सगळे इंचात. उंची २ इंचांनी वाढली तरी गाडी उचलली जाते १ इंचच, कारण अॅक्सल चाकाच्या मधोमध असतो. त्या एका इंचासाठी जमिनीवरचा जोर साधारण ७ टक्के कमी होतो, स्पीडोमीटर ४० दाखवतो तेव्हा गाडी ४३ ने पळत असते आणि ब्रेकवर ओझं वाढतं. चिखलाचे सहा-प्लाय (सहा थरांच्या मजबुतीचे) टायर मूळ टायरपेक्षा चाकामागे चार-पाच किलो सहज जड भरतात, तो भार वेगळाच. हे सगळं शेवटी सोसतो तो इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा क्लचचा बेल्ट. दोन माणसं बसवून हाय गिअरमध्ये सावकाश चढ चढवला की बेल्ट घसरतो, तापतो, जळकट वास येतो. तुमच्याकडे पर्यटक चालवणार, म्हणजे लो गिअर टाकायला कुणी आठवण करून देणार नाही हे धरूनच चला.

१४ इंची रिमने काय मिळतं? २५ मधून १२ वजा करून निम्मे केले तर साइडवॉल, म्हणजे रिमच्या बाहेरची टायरची भिंत, साडेसहा इंच, २७ मधून १४ वजा करूनही साडेसहाच. म्हणजे पैसे रिमला गेले आणि गादी होती तेवढीच राहिली. तुमच्याकडे बेसॉल्टचे धारदार दगड आणि मुरूम. तिथे रिम वाचवते ती हीच गादी. आहे त्याच १२ इंची रिमवर २६ चा टायर चढवला तर साइडवॉल ७ इंच होते.

आमचा सल्ला : पुढे २६×८-१२, मागे २६×१०-१२, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे, सहा-प्लाय. नक्षी मध्यम खोल घ्या. चिखलाच्या टायरचे उंच ठोकळे मुरमावर आणि डांबरावर लवकर झिजतात, गाडी थरथरते आणि लॉनची वाट लागते ती वेगळी.

घेण्याआधी जागा मोजा. गाडी नुसती उभी असताना मोजली तर फसाल. पुढच्या एका बाजूचा शॉकअप खालच्या बोल्टातून सोडवा आणि चाक जॅकने हळूहळू पूर्ण वर उचला. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पाय ठेवायच्या जागेच्या पुढच्या प्लास्टिकपाशी, वरच्या आर्मपाशी आणि टाय रॉडच्या टोकापाशी टायरचं अंतर बघा. २६ साठी उंचीत अर्धा इंच जास्त लागतो, त्यात चिखल चिकटायला आणखी अर्धा इंच सोडा. एवढी जागा निघत नसेल तर २५ च घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

नवे टायर बसले की चारही चाकांचा फेरा मोजा. हवा एकसारखी करा, टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खडूची रेघ ओढा, ओळखीच्या माणसाला बसवून गाडी सरळ ढकला. रेघ पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा. २५ च्या टायरला जवळपास २ मीटर भरतात, २६ ला थोडे जास्त. छापील आकडा एकच असला तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरांत हे अंतर बदलतं, म्हणून मिसळ नको. गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली असेल तर आकार बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

प्रश्न : भंगारवाल्याकडे एटीव्हीच्या चार होलच्या अॅलॉय रिम स्वस्तात मिळतायत. आमची गाडीही चार होलचीच आहे. बसतील ना?

उत्तर : होल चार असून भागत नाही, समोरासमोरच्या होलांमधलं अंतर जुळावं लागतं. पोलॅरिसच्या बहुतेक गाड्यांना ते १५६ मिलिमीटर, कॅन-अॅमला १३७, होंडा आणि यामाहाला सहसा ११० असतं. एका होलच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या होलच्या आतल्या कडेपर्यंत पट्टी लावा, हेच माप मिळतं. लेथवाला ‘होल लांबट करून देतो’ म्हणाला तर तिथून निघा. लांबट होलमध्ये नट मध्यावर बसत नाही, सैल होतो आणि एक दिवस स्टड तोडतो.

माप जुळलं तरी दोन गोष्टी राहतात. नटची बैठक तिरकी आहे की सपाट, ते रिमला मिळतं का बघा. मग ऑफसेट. ‘५+२’ म्हणजे ७ इंची रुंद रिमचे ५ इंच, जिथे रिम गाडीच्या हबला टेकते त्या तबकडीच्या आत, आणि २ बाहेर. ‘४+३’ घातली तर प्रत्येक चाक १ इंच बाहेर येतं. गाडी रुंद होते, पण हँडलला खड्ड्यांचे हिसके जास्त बसतात आणि बेअरिंग लवकर जातं. रिमवर आकडे नसतील, किंवा कुणी उलटे लिहिलेले असतील, तर रिम तोंड खाली करून ठेवा, वरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि तिथून हबला टेकणाऱ्या तबकडीपर्यंत खोली मोजा; तो ‘आतला’ आकडा.

प्रश्न : हवा पेट्रोल पंपावर ३० पाउंड भरतो. गाडी फार उसळते.

उत्तर : उसळणारच. एटीव्हीला हवा लागते साधारण ४ ते ७ पाउंड. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्यावरच्या लेबलवर असतो. एवढ्या कमी हवेत १ पाउंड म्हणजे जवळपास २० टक्क्यांचा फरक आणि पंपावरचं मीटर तो दाखवत नाही. ० ते १५ पाउंडांचं वेगळं मीटर घ्या. टायर गार असतानाच तपासा. नवा टायर रिमवर बसवताना मात्र थोडी जास्त हवा लागते. टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला साबणाचं पाणी लावा आणि साइडवॉलवर छापलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. तरी कड बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा सुरुवात करा; दाब वाढवत नेलात तर कड फुटते.

प्रश्न : मुलांच्या ११० सीसी गाडीला १४५/७०-६ टायर आहेत. १६×८-७ बसतील?

उत्तर : नाही, रिमच ६ ऐवजी ७ इंचाची लागेल. शिवाय १४५/७०-६ मध्ये पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी आणि दुसरा साइडवॉल रुंदीच्या किती टक्के ते सांगतो; त्या हिशोबाने उंची भरते जेमतेम १४ इंच. म्हणजे चाक २ इंचांनी वाढणार आणि त्या इंजिनाला चढ झेपणार नाही. चढावर दम कमी पडत असेल तर टायर आहे तोच ठेवा आणि मागचं चेनचक्र दोन-तीन दात मोठं लावा, चेनची लांबीही त्या हिशोबाने घ्या.