इंग्लंडमधल्या गावांत चर्चच्या आवारात नक्षीदार दगडी पेट्या दिसतात. शव त्या पेटीतच असतं का? आणि अशी थडगी पाहायला कुठं जावं?

नाही, पेटी आतून पोकळ असते. दफन तिच्याखाली, जमिनीत. घराणं सधन असेल तर खाली बांधीव तळघर असतं आणि त्यात एकाच घरातली अनेक माणसं. म्हणून तर पेटीच्या बाजूंवर नावं वाढत गेलेली दिसतात.

पाहायची असतील तर माझा आग्रह पेन्सविकचा. ग्लॉस्टरशरमधलं हे छोटं गाव स्ट्राउडपासून जवळ आहे. लंडनहून स्ट्राउडपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिथल्या सेंट मेरी चर्चभोवती १७व्या-१८व्या शतकातली थडगी दाटीनं उभी आहेत आणि त्यांच्यामधून कातरून गोल केलेल्या यू या सदाहरित वृक्षांच्या रांगा जातात. (झाडं ९९च, शंभरावं सैतान जगू देत नाही, अशी दंतकथा आहे.)

हा सगळा थाट लोकरी कापडाच्या पैशातून आला. स्ट्राउडच्या खोऱ्यातलं लाल कापड सैनिकांच्या गणवेशाला जाई. पण मला कापडवाल्यांपेक्षा पाथरवट मोठे वाटतात. इथला चुनखडक खाणीतून काढला की मऊ असतो, हवा लागल्यावर घट्ट होतो. त्यामुळे छिन्नीला हवं ते करता येई: पंखवाल्या बालकांचे चेहरे, वेलबुट्टी, कवट्या, पेटीच्या टोकांना फुगीर वळणं. ब्रायन हे गावातलं पाथरवटांचं घराणं. त्यातला जॉन ब्रायन १७८७ मध्ये वारला. त्याचं थडगं याच आवारात आहे, आणि ते आहे एक साधा दगडी पिरॅमिड! आधी ते शोधा, मग बाकीची बघत फिरा. त्या साध्या पिरॅमिडमधला आणि भोवतीच्या नक्षीदार पेट्यांमधला फरक पाहून मी तिथं बराच वेळ थांबलो होतो.

जवळ गेलात की काही पेट्यांना भेगा दिसतील. पेटीच्या दगडी फळ्या सांधायला आत लोखंडी आकडे घातलेले असतात. पाणी मुरलं की ते गंजून फुगतात आणि दगड फोडतात. तेव्हा पेट्यांवर बसू नका, टेकू नका. अक्षरं नीट दिसावीत म्हणून दगडफूल खरवडणं तर अजिबात नको, त्याबरोबर कोरीवकामाचा पापुद्राही निघून येतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना जा, झिजलेली अक्षरंही वाचता येतात.