गोळी नकली नव्हती, यकृतातली पायरी अडली होती

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६१ वर्षांचे, चार महिन्यांपूर्वी ठाण्यात अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, तेव्हापासून स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू. आता जनुकाच्या रिपोर्टवर 'सीवायपी २सी१९ *२/*२, पुअर मेटाबोलायझर' (म्हणजे हे औषध शरीरात नीट तयार न होणारे) आलं आणि डॉक्टरांनी त्याऐवजी टिकाग्रेलॉर ही गोळी लिहून दिली. जुनी गोळी नकली होती का, आणि नवी महाग पडते तर जुनीच दुप्पट घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नकली नव्हती. आणि दुप्पट अजिबात करू नका.

क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते कच्चा माल असतं. त्याचं खरं औषध यकृतात बनतं. शोषलेल्या गोळीतला सुमारे ८५ टक्के भाग शरीर आधीच निकामी करून टाकतं. उरलेल्यावर दोन पायऱ्यांत काम होतं आणि त्यात सीवायपी २सी१९ या एन्झाइमचा, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं करणाऱ्या एका प्रथिनाचा, वाटा मोठा. *२ हा त्याच्या जनुकाचा बिघडलेला प्रकार, त्यात एका अक्षराचा फरक असतो, ६८१व्या जागी 'जी'ऐवजी 'ए'. तेवढ्यानं जनुकाचा संदेश चुकीच्या ठिकाणी कापून जोडला जातो आणि एन्झाइम अर्धवट राहतं. वडिलांकडे त्यांच्या आई-वडील दोघांकडून *२ आलंय, म्हणजे धड प्रत एकही नाही. अशा लोकांना रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या चौपट, देऊन पाहिलं तरी पुरेसा परिणाम मिळाला नाही. म्हणून दुप्पट करून काही साधणार नाही. हा *२ आपल्याकडे युरोपातल्या लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो, तेव्हा तुमच्याच घरावर काही आभाळ कोसळलंय असं समजू नका.

मी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये २२ वर्षं प्लेटलेटच्या, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशींच्या, चाचण्या केल्या. रक्त हलकेच फिरवलं की वर प्लेटलेटचा गढूळ, पिवळसर प्लाझ्मा येतो. त्यात एडीपी या प्लेटलेटना जागं करणाऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा. प्लेटलेटवर पी२वाय१२ नावाचा रिसेप्टर, म्हणजे असा संदेश पकडणारी जागा, असतो, एडीपी त्याला चिकटलं की प्लेटलेट एकमेकींना धरतात, गुठळ्या दिसायला लागतात आणि नळी डोळ्यांदेखत स्वच्छ होत जाते. क्लोपिडोग्रेल हाच रिसेप्टर बंद करतं, म्हणून ते नीट लागू पडलेल्या माणसाची नळी बरीचशी गढूळच राहते. गोळी नियमित घेणाऱ्या एखाद्याची नळी भराभर स्वच्छ झाली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण तेच स्टेंटमध्ये घडू शकतं. हे औषध अमेरिकेत १९९७ला मंजूर झालं आणि पी२वाय१२चं जनुक हाती लागलं २००१ला. म्हणजे कुलूप सापडायच्या आधीच किल्ली बाजारात आली होती! यकृताच्या या अडचणीबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं ठळक इशारा छापायला लावला तो २०१०मध्ये.

टिकाग्रेलॉरला यकृताच्या मेहेरबानीची गरज नाही, ते थेट त्याच रिसेप्टरवर बसतं. पण ते कायमचं चिकटून राहत नाही, म्हणून दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. संध्याकाळची गोळी चुकवायची नाही. सुरुवातीला काहींना दम लागल्यासारखं वाटतं, तसं झालं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना फोन करा. सोबतचं ॲस्पिरिन १०० मिलिग्रॅमच्या वर नको. ॲसिडिटीसाठी दुकानातून ओमेप्राझोल आणल्याचं तुम्ही लिहिलंय. ते याच एन्झाइमला अडवतं, त्यामुळे क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ते टाळायचं असतं. आता गोळी बदलल्यावर तो प्रश्न राहिला नाही, तरी डॉक्टरांना सांगून ठेवा.

खर्चाचं मी समजू शकते. झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, प्रासुग्रेल ही याच कामाची दुसरी गोळी बसते का ते पाहतील (आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर ते देत नाहीत). पण मधे एक दिवसही रिकामा जाऊ देऊ नका. माझ्या मोठ्या दिरांनी दाढ काढायची म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी परस्पर बंद केली होती. अकराव्या दिवशी ते आयसीयूत होते. त्या रात्री जाऊबाईंजवळ बसले होते, म्हणून इतकं कळकळीनं लिहितेय.

रिपोर्ट जपून ठेवा, जनुक बदलत नाही, ही चाचणी पुन्हा करावी लागणार नाही. वडिलांच्या दोन्ही प्रती *२ असल्यामुळे तुमच्यात आणि तुमच्या भावात एक तरी *२ नक्की आलेलं आहे. काकांना क्लोपिडोग्रेल चालू असल्याचं तुम्ही लिहिलंय ना, त्यांनाही हा रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.