मुक्त व्यापारामुळेच देश श्रीमंत होतात का?

व्यापारामुळे होतात, पण ‘मुक्त’ हा भाग बहुतेकदा नंतर येतो. दक्षिण कोरियाने १९६० आणि ७०च्या दशकांत उद्योगांना स्वस्त कर्जं दिली, आयातीवर बंधनं ठेवली. बदल्यात कंपन्यांकडून निर्यातीचं लक्ष्य गाठून घेतलं. उद्योगांना असं संरक्षण अनेक देशांनी दिलं, बदल्यात निर्यातीची ही वसुली मात्र फार थोड्यांना जमली. खरं राजकारण इथेच आहे: मर्जीतल्या उद्योगपतीलाही नाही म्हणण्याची धमक सरकारात लागते. (कोरियात तेव्हा पार्क चुंग-ही यांची हुकूमशाही होती, हेही ध्यानात ठेवा.)

आज ती वाट अरुंद झालीय. १९९५मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि निर्यातीशी जोडलेली अनुदानं, देशी सुटे भाग वापरण्याची सक्ती यांवर बंधनं आली. चीन २००१मध्ये सदस्य झाला, तोवर त्याचे कारखाने उभे राहिले होते.