बॅकनेटच्या चाचणीसाठी स्वस्त उपकरणे

प्रश्न : इमारतींतील वातानुकूलन व वीजमापन यंत्रणांसाठी मी बॅकनेट आणि मॉडबस या उपकरणांमधील संवादाच्या प्रोटोकॉलचे मुक्तस्रोत ड्रायव्हर लिहितो. चाचणीसाठी नवा कंट्रोलर घेणे परवडत नाही. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बॅकनेट आयपीसाठी, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या बॅकनेटसाठी, तूर्त काहीच विकत घेऊ नका. हा प्रोटोकॉल सहसा यूडीपीच्या ४७८०८ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर एखादा मुक्तस्रोत नमुना सर्व्हर सुरू केला, की काम भागते. मॉडबससाठी आरएस-४८५ (तारेवरील सिरियल) जोडणीचा साधा वीजमीटर पुरेसा आहे.

खरी कसोटी एमएस/टीपीची, म्हणजे आरएस-४८५ तारेवरून चालणाऱ्या बॅकनेटची. त्यात प्रत्येक मास्टरला (स्वतःहून संदेश पाठवणाऱ्या उपकरणाला) टोकन, म्हणजे बोलण्याची पाळी, ठरल्या वेळेत पुढे द्यावे लागते आणि या वेळेतील चुका सिम्युलेटरवर क्वचितच उघड होतात. म्हणून येथे प्रत्यक्ष उपकरण हवेच. मालवण-गणपतीपुळ्याकडील हॉटेलांच्या नूतनीकरणात निघालेला थर्मोस्टॅट मिळाल्यास उत्तम, मात्र ज्याचा पत्ता डिप स्विचने (उपकरणावरील छोट्या खटक्यांनी) बदलता येतो असाच घ्यावा, कारण एरवी उत्पादकाच्या परवानाधारक सॉफ्टवेअरवाचून तो शोभेची वस्तू ठरण्याची शक्यता असते. ही तार लॅपटॉपला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा असल्यास लिनक्सवरील त्याचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे देण्याआधी थांबण्याची वेळ) १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणावा. नाहीतर दोष कन्व्हर्टरचा आणि शोध ड्रायव्हरमध्ये, असे होते. वायर लांब असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध लावावेत.

जुनी वस्तू घेताना टर्मिनलचे स्क्रू सोडवून पाहावेत. खाऱ्या हवेने आत हिरवा थर धरला असेल, तर ती फुकटातही घेऊ नये.