"घरीच तर आहेस, बघ ना जरा तिच्याकडे"

प्रश्न: ताई, मी नाशिकला असते, पुण्याच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते, धाकटीच्या वेळची सुट्टी संपली तेव्हापासून पूर्ण वेळ घरूनच. ती आता तीन वर्षांची आहे, नऊ ते बारा बालवाडीत जाते. मोठा दुसरीत, तो दीडला येतो. सासूबाई आमच्याजवळच असतात पण गुडघ्यांमुळे त्यांना तिच्यामागे पळणं जमत नाही. मिस्टर आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात पण ते बेडरूमचं दार लावून बसतात आणि मी डायनिंग टेबलवर, मग कुरियर आलं की मी, गॅसवाला आला की मी, हिला शू आली की मी. साडेबाराला आमचा रोजचा कॉल असतो आणि नेमकी तेव्हाच ती मांडीवर चढते, मग कॅमेरा बंद करून एका हाताने वरणभात भरवायचा आणि दुसऱ्या हाताने चॅटवर उत्तरं द्यायची. राहिलेलं काम रात्री एक एक वाजेपर्यंत. घरचे म्हणतात घरीच तर आहेस. नोकरी सोडायची नाहीये, पण हल्ली पोरीवर उगाच ओरडते आणि मग मलाच रडू येतं. वेळेचं नियोजन कसं करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: अगं, तुझा दिवस मी कागदावर तासातासाने मांडून बघितला. बारा वाजल्यापासून तुझं ऑफिस सुटेपर्यंत पोरीकडे बघायची जबाबदारी नाव घेऊन कुणावरच टाकलेली नाहीये, म्हणून ती न बोलता तुझ्यावर येते, आणि त्याच वेळात तू पगारी कामावर असतेस. एका माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहायचं ही अपेक्षाच चुकीची आहे, कितीही चांगलं टाइमटेबल केलंस तरी ते कोसळणारच. आधी माणसं ठरव, मग वेळ.

मिस्टरांशी शांतपणे बस, रविवारी सकाळी वगैरे, भांडण चालू असताना नाही. ते घरी असतात त्या तीन दिवशी बारा ते दोन मुलगी त्यांची. म्हणजे बालवाडीतून आणणं, हातपाय धुणं, जेवण, झोपवणं, सगळं त्यांचं, आणि त्या वेळात बेडरूम तुझी, दार लावलेलं. "मी मदत करतो" हे चालणार नाही, मदत म्हटलं की जबाबदारी तुझ्याकडेच राहते आणि "तिचा चमचा कुठेय गं" म्हणून ते कॉलमध्ये विचारायला येतात! पहिले काही दिवस ती दारावर वाटी आपटेल, रडेल, तरी तू बाहेर यायचं नाहीस, कारण आई दोन मिनिटांत येते हे एकदा कळलं की ती रोज तेवढं रडेल. सासूबाईंना पळायचं काम देऊच नकोस, बसून करायचं दे. ती दुपारी झोपली की तिच्याशेजारी पडून राहणं त्यांना नक्की जमेल, आणि उठली तरी आजी शेजारी दिसली की पोर लगेच तुझ्याकडे धावत येणार नाही.

उरलेल्या दोन दिवसांसाठी पाळणाघर बघ, अर्ध्या दिवसाचं. आई घरात असून पाळणाघर कशाला असं लोक म्हणतील, त्यांना म्हणू दे. आणि पैसे भरायच्या आधी एचआरला मेल टाक. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, सुट्टी 12 आठवड्यांवरून 26 झाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची हेही त्यातच आलं आणि ते बायका मागतच नाहीत. बऱ्याच कंपन्या बाहेरच्या पाळणाघरांशी करार करतात किंवा फीचा काही भाग देतात, तू नाशिकला असताना काय देता येईल ते त्यांनाच लेखी विचार. सुट्टीनंतर घरून काम देण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीत आली, काम तसं असेल तर दोघांनी मिळून अटी ठरवायच्या. मग तुझ्या अटी कुठे लिहिल्यात? साडेबाराचा कॉल अडीचला नेता येईल का हे मॅनेजरला विचारलंयस का? सरळ विचार, कारण न लाजता सांग.

मोबाईलबद्दल तू लिहिलं नाहीस पण तो असणारच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलीये, कमी तितकं चांगलं. माझं म्हणणं, तो वेळ दिवसभर पाच पाच मिनिटांनी घालवू नकोस, ज्या दिवशी खरंच कुणी नाहीये त्या दिवशीच्या सगळ्यात महत्त्वाच्या मीटिंगसाठी ठेव आणि मनाला लावून घेऊ नकोस.

आता ओरडण्याचं. रात्री एकला झोपून सकाळी डब्यासाठी उठणाऱ्या कुठल्याही माणसाचा तोल जातो, त्यात तू वाईट आई आहेस असं काही नाही गं. रात्रीचं काम आधी बंद कर, जे दिवसात बसत नाही ते मॅनेजरला दिसू दे. आणि झोप मिळूनही रडू थांबत नसेल, कशात मन लागत नसेल तर डॉक्टरांना भेट, नाहीतर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

प्रश्न: नमस्कार. मी सातारचा, निवृत्त शिक्षक. पुण्यात मुलाकडे राहतो. सून घरून काम करते. दीड वर्षाचा नातू दिवसभर तिच्या खोलीच्या दाराशी रडतो, आम्ही दोघं असूनही आमच्याकडे राहत नाही. सुनेला त्रास होतो ते बघवत नाही. काय करावं?
— एक आजोबा, पुणे

उत्तर: काका, तुम्ही हे विचारलंत याचंच मला फार बरं वाटलं. या वयात आई नजरेआड झाली की रडणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ती दाराआड आहे हे त्याला पक्कं माहितीये, म्हणून घरातल्या घरात त्याला गुंतवणं अवघड जातं. त्याला घराबाहेर न्या. रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे सूनबाईंना त्या वेळेत मीटिंग ठेवता येतील, सोसायटीच्या बागेत नाहीतर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे. निघताना त्याची नजर चुकवून पळवू नका, आईने "टाटा, आजोबांबरोबर जाऊन ये" म्हणायचं आणि मग निघायचं, रडला तरी. लपून गेलं की मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतं. परत आल्यावर मात्र आईने पाच मिनिटं तरी त्याला मांडीवर घ्यायचं, फोन बाजूला ठेवून, आणि ती पाच मिनिटं तिला मिळावीत म्हणून परतायची वेळ तिला विचारून ठरवा.