मंगळवारी सकाळी अकरा वाजता

"मॅडम, मी माझ्याच घरात पाहुणा झालोय."

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत एवढं एक वाक्य बोलून ते गप्प झाले. व्हिडिओ कॉलवरची शांतता फसवी असते. समोरच्याचं इंटरनेट गेलंय की मन भरून आलंय, पटकन कळत नाही. मी थांबून राहिले.

वय चाळिशीच्या अलीकडे, नऊ वर्षं परदेशात, एकटेच राहतात. घरी आई, बाबा, दादा आणि वहिनी. भावंडांत धाकटे, म्हणून इथे मी त्यांना धाकटेच म्हणते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचा प्रश्न परदेशी राहणाऱ्या कितीतरी जणांकडून ऐकलेला आहे. वर्षभर ज्या सुट्टीची वाट पाहायची, तीच सुट्टी भांडणात जाते. परत गेल्यावर महिना-दीड महिना मन लागत नाही. आपण आईवडिलांना सोडून आलो, हे चुकलंच का? आणि सरळ सगळं आवरून परत यावं का?

शेवटच्या प्रश्नाला मी सहसा हात घालत नाही, निदान सुट्टीवरून आल्यावर दोन-तीन महिने तरी. विमानातून उतरलेल्या माणसाने तेवढ्यात आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. धाकट्यांना ते आवडलं नाही. पण "सुट्टीच्या चौथ्या दिवशी काय झालं ते सांगा," म्हटल्यावर ते बोलू लागले.

झालं होतं ते असं. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांच्या औषधांचा पसारा पाहिला. गोळ्यांच्या पट्ट्या रबरबँडने बांधलेल्या, काही खिडकीत, काही रेडिओखाली, एक पट्टी चष्म्याच्या घरात. धाकट्यांनी सोबत आणलेला सात कप्प्यांचा छान डबा काढला, वारांप्रमाणे गोळ्या भरल्या आणि रबरबँड फेकून दिले. मग आईचं कपाट आवरलं. मग बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस बोलावला. हातात यादी होती, एकेक काम खोडत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना गोळी सापडेना. खिडकीतली सकाळची आणि रेडिओखालची संध्याकाळची, अशी त्यांची स्वतःची पद्धत होती आणि कित्येक वर्षांत तिच्यात घोटाळा झाला नव्हता. दादा कामावरून दमून आला, त्याने अर्धा तास बसून गोंधळ निस्तरला. चौथ्या दिवशी रात्री धाकटे त्याला म्हणाले, "तुमचं बाबांकडे नीट लक्ष नाही." दादा म्हणाला, "तू तीन आठवडे येतोस आणि इन्स्पेक्शन करून जातोस." वहिनी काही न बोलता उठून आत गेल्या. उरलेले दिवस सगळे एकमेकांशी अदबीने वागले. धाकट्यांच्या मते भांडणापेक्षा ते वाईट होतं.

यातला थोडा भाग निव्वळ शरीराचा आहे, तो आधी बाजूला काढते. धाकटे घराच्या पश्चिमेला राहतात, घड्याळात आठ-नऊ तासांचा फरक. शरीराचं आतलं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, आणि पूर्वेकडे प्रवास केला तर आणखी कुरकुरतं. कारण आपला आतला दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो. त्याला लांबवणं जमतं, आखडणं जड जातं. म्हणजे चौथ्या दिवशी रात्री धाकटे घरात बसले होते, पण त्यांचं शरीर अजून अर्ध्या वाटेवर होतं. तेव्हापासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: पहिला आठवडा कपाट उघडायचं नाही. स्वतःचंसुद्धा.

झोप भरून निघाल्यावरही पाहुणेपण उरतं, ते मात्र वेगळं.

घरच्या ओढीला वैद्यकाने पूर्वी आजारच मानलं होतं. १६८८ साली बासेल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. घरी परतणं आणि वेदना, अशा दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी. त्याच्या मते खरा उपाय एकच, रोग्याला घरी पाठवा. मला या होफरचा हेवा वाटतो. माझ्याकडे येणारी माणसं घरी जाऊन आलेली असतात, आणि दुखणं तिथूनच घेऊन येतात. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने मांडलं होतं की, परक्या देशात जुळवून घेताना मन जसं आधी घसरतं आणि मग सावरतं, तसंच परतल्यावर पुन्हा एकदा होतं. सगळ्यांची वाट अशी आखीव नसते, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. तरी घरी गेल्यावर परकं वाटणारे तुम्ही एकटे नाही, एवढं सांगायला ते मला उपयोगी पडतं.

दुसऱ्या भेटीत मी धाकट्यांना विचारलं, "मंगळवारी सकाळी अकरा वाजता बाबा काय करत असतात?"

त्यांना सांगता येईना. बाबांची साखर किती, रक्तदाब किती, पुढची तपासणी कधी, हे सगळं तोंडपाठ. पण अकरा वाजता? "बसत असतील... पेपर वाचत असतील..."

"आणि तुमचा मंगळवार बाबांना माहीत आहे?"

यावर ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. बाबांना माहीत होतं ते एवढंच की मुलाचं सगळं छान चाललंय. दर रविवारी फोन. इकडून "सगळं छान", तिकडून "आम्ही ठीक, तू काळजी करू नकोस." नऊ वर्षं.

मग मी त्यांच्याकडून मंगळवार ऐकला. हिवाळ्यात अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. ऑफिसात नावाचा अर्धा तुकडा करून हाक मारतात, आता त्यालाच ओ देतात. घरी आल्यावर दिवसभराच्या बोलण्याने जबडा दुखतो, कारण आपल्या भाषेत एक शब्दही बोललेला नसतो. कंबरेचं दुखणं सहा महिने जुनं, घरी सांगितलेलं नाही. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ते म्हणाले, "तिथे मी विनोदी नाही हो. विनोद सुचतो, त्याची भाषा जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. घरी मी सगळ्यांना हसवणारा. पण या वेळी लक्षात आलं, माझे विनोद नऊ वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत."

पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात 'संदिग्ध वियोग' ही कल्पना मांडली. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून तिची सुरुवात झाली. माणूस समोर नाही, पण गेलेलाही नाही, मनात तो हजरच आहे. अशा वियोगात शोक करायलाही जागा नसते, कारण रडायचं कुणासाठी? दर रविवारी तर बोलतोच आहोत. स्थलांतरात हेच घडतं, आणि दोन्ही बाजूंनी. घरचे धाकट्यांच्या जाण्याचं दुःख करत नव्हते, धाकटे घरच्या बदलण्याचं. सगळे मिळून 'छान' आणि 'ठीक' म्हणत होते. मग सुट्टीच्या तीन आठवड्यांत वर्षभराचं मुलगेपण उरकायचं, ते यादी करून आणि डबे आणून. दिलेली भेटवस्तू परत करता येत नाही, म्हणून बाबांनी तो डबा मुकाट्याने घेतला, एवढंच.

मी एक काम दिलं. रविवारचा फोन चालू राहू दे, पण मंगळवारी बाबांच्या सकाळी अकराला आणखी एक फोन करायचा. पाच-सात मिनिटं, विषय ठरवायचा नाही, तब्येत विचारायची नाही. धाकट्यांसाठी ती रात्री दोन-तीनची वेळ. त्यांनी कुरकुर केली, पण केला.

पहिल्या मंगळवारी बाबांनी फोन उचलताच विचारलं, "काय झालं?" दुसऱ्या मंगळवारी, "पैसे हवेत का?" अवेळी फोन म्हणजे वाईट बातमी, हे नऊ वर्षांत घराने शिकून ठेवलं होतं. तिसऱ्या वेळी बाबा वैतागून म्हणाले, "काही नसेल तर ऐक, आडवे सात, पाच अक्षरी, शेवटी 'र' येतो." बाबा अकरा वाजता भिंग घेऊन शब्दकोडं सोडवतात, हे धाकट्यांना असं कळलं.

महिन्याभराने त्यांनी आईला कंबरेचं सांगितलं. आई रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मीसुद्धा पावसाळ्यात जिन्यावरून पडले होते, तुला मुद्दाम कळवलं नाही." धाकट्यांना आधी राग आला. मग, मला सांगताना, दोघांचं एकच दुखणं असल्यासारखे ते हसले.

दादाच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. मी धाकट्यांना सुचवलं, दादाला मनातलं पत्रात लिहा. त्यांनी दोन पानं लिहिली: तुझी दमणूक मला दिसते, मला कृतज्ञता वाटते, वगैरे. दादाचं उत्तर एका ओळीचं आलं, "हे तुला कोणी लिहून दिलं?" बरोबरच होतं त्याचं. त्या घरात कुणी कुणाला असं बोलत नाही. समुपदेशकाची भाषा मी त्यांच्या तोंडी घातली होती. रोजची देखभाल करणाऱ्या भावंडाची तक्रार आभार मानले नाहीत अशी क्वचितच असते. आई दिवसभर लांबच्या मुलाचं कौतुक सांगते, आणि लांबचा येऊन चुका काढतो, हे सलतं. त्याला शब्द नको होते, मोकळे दिवस हवे होते. धाकट्यांनी मग फोन करून एवढंच विचारलं, "दादा, तू शेवटची सुट्टी कधी घेतलीस?" दादाला आठवायला वेळ लागला. चार वर्षं झाली होती.

पुढच्या खेपेला धाकट्यांनी तीन आठवड्यांतले मधले आठ दिवस राखून ठेवले. दादा-वहिनी फिरायला गेले आणि घर धाकट्यांच्या ताब्यात आलं. जाण्यापूर्वी दादाने औषधं समजावली, खिडकीतली आणि रेडिओखालची. चष्म्याच्या घरातली पट्टी कशाची, हे दादालाही माहीत नव्हतं. ती अ‍ॅसिडिटीची निघाली, बाबांनीच सांगितलं. रबरबँड तसेच राहिले. बाथरूममधला दांडा मात्र बाबा आता धरतात, म्हणजे यादीतलं सगळंच चुकीचं नव्हतं. अकराव्या दिवशी टीव्हीच्या आवाजावरून बाबांशी कडाक्याचं भांडण झालं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते संपलंही. हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने कळवलं.

परतल्यावर जड वाटणं या वेळीही होतं, दोन-तीन आठवडे. मी ते घालवायचा प्रयत्न केला नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ पार बिघडलं, कशातच रस उरला नाही, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ती घरची आठवण म्हणून अंगावर काढू नये, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. धाकट्यांचं तसं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं, कारण वाईट वाटण्यासारखंच होतं.

परत यायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. त्यासाठी आम्ही पुढच्या महिन्यात वेगळी वेळ ठरवली आहे. नोकरी, पैसा आणि आईबाबांचं वय, तिन्ही कागदावर मांडून बोलायचंय. दरम्यान गेल्या मंगळवारी त्यांचा मेसेज आला: "आज बाबांनी फोन लगेच ठेवला. म्हणाले, आत्ता नको, घरात पाहुणे आलेत."